ओल्या हातांची रेघ

गार्गीचा अंगठा यंत्राला पसंत पडत नव्हता.

काचेच्या दाराशेजारी, भिंतीवर, साबणाच्या वडीएवढं ते यंत्र. त्यावर अंगठा टेकवायचा, हिरवा दिवा लागला की हजेरी लागणार आणि दार उघडणार. बाकीची पोरं पाठीवर सॅक, कानात गाणी अशी येत होती आणि चालता चालता अंगठा लावून आत जात होती. आमच्या बाईसाहेबांनी टेकवला की लाल दिवा, आणि आतून एक बाई गोड आवाजात म्हणायची, कृपया पुन्हा प्रयत्न करा. गार्गी माझ्या भावाची मुलगी. शिक्षण अमरावतीत झालं, नोकरी पुण्यात लागली आणि मुक्काम माझ्याकडे कोथरूडला. आज तिचा पहिला दिवस. मीच हट्टानं सोडायला आले होते, कारण पत्ता वाचल्यापासून माझं मन थाऱ्यावर नव्हतं.

तिनं अंगठा ओढणीला पुसला, पुन्हा टेकवला. लाल.

“आत्या, काऊन असं होऊन राहिलं? त्या दिवशी ठसा घेतला तेव्हा तर ओके होतं सगळं.” तिनं तळवा माझ्यापुढे धरला. नुसता ओला. रेषांमधून पाणी चमकत होतं.

मला हसूच फुटलं. खरं सांगते, आनंदाचं हसू. तो तळवा माझा होता. नाक आजीचं, उंची बापाची, सगळं तिनं इकडून तिकडून उचललं असेल, पण घामाचे हात थेट माझ्याकडून घेतले. मी पर्स उघडली आणि आतली चपटी डबी काढली. ॲल्युमिनियमची, कडेला चेपलेली. तिच्यात मलमलच्या पुरचुंडीत पावडर. झाकण उघडताच तो वास आला, आणि समोरची काच, हिरवी झाडं लावलेल्या कुंड्या, गणवेशातला रखवालदार, सगळं मागे सरकलं. कारण ही जागा आमची आहे. इथेच मी ओल्या हातांनी नोकरीला लागले होते.

तेव्हा इथे काच नव्हती. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असलेला कारखाना होता, पंप बनवणारा. खाली लेथ दिवसभर घरघरायची आणि वर लाकडी जिना चढून गेलं की आमचं ड्रॉइंग ऑफिस. ओळीनं तिरके मांडलेले मोठे लाकडी बोर्ड, प्रत्येकासमोर एक उंच स्टूल. उत्तरेकडच्या झरोक्यांतून येणारा उजेड सगळ्या बोर्डांवर सारखा पडायचा. कोपऱ्यात अमोनियाची खोली. तिथे पंपांच्या नकाशांच्या प्रती निघत. दार उघडलं की नाकात झणका जायचा आणि कांदा न चिरता डोळ्यांत पाणी. प्रत बाहेर यायची ती कोमट, जांभळ्या रेघांची. हिवाळ्यात आम्ही मुली ती प्रत घडीभर गालाला लावून मगच पुढे द्यायचो.

तिथे ऋतू कागदावरून कळायचे. पावसाळ्यात ट्रेसिंगचा कागद पापडासारखा फुगायचा आणि काल जुळलेली रेघ आज जुळायची नाही. थंडीत शाई गुणी पोरासारखी वागायची. उन्हाळ्यात कागद उडतात म्हणून पंखे बंद. बाकीच्यांना त्या बंद पंख्यांचं काही वाटत नसे. मला वाटायचं.

आणि रोज सकाळी पावडर. काम सुरू करायच्या आधी प्रत्येकानं आपापल्या कागदावर पुरचुंडी आपटायची, पांढरा धुरळा पसरायचा आणि मऊ फडक्यानं गोल गोल पुसून काढायचा. त्यानं कागदावरचा हाताचा तेलकटपणा जातो आणि शाई नीट धरते. सगळं ऑफिस त्या वेळी देवघरासारखं गप्प असायचं. नुसता पुरचुंड्यांचा फट फट आवाज.

याच पावडरीचा तिथे एक रिवाज होता. नवा माणूस बॉर्डर आखणं, चौकटी काढणं असली किरकोळ कामं करत राहायचा. मग एक दिवस त्याला पहिला पूर्ण नकाशा मिळायचा. त्या दिवशी त्याच्या कागदाला पावडर त्यानं लावायची नाही. ती बर्वेसाहेब लावणार. स्वतःच्या डबीतली, स्वतःच्या हातानं. बर्वेसाहेब म्हणजे आमचे मुख्य ड्राफ्ट्समन. सदाशिव पेठेत जन्मलेले, पांढराशुभ्र शर्ट, खिशात चष्म्याची डबी, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर कळावं आपला अपमान झालाय. ते पावडर लावून बाजूला झाले की ऑफिसातले सगळे मान वर करून एकदा बघायचे. पेढे नाहीत, टाळ्या नाहीत. पण तो माणूस त्या दिवसापासून आमच्यातला.

माझ्या कागदाला ती पावडर कधी लागलीच नाही.

डोक्यात सगळं होतं हो. डोळे मिटले की अख्खा पंप समोर यायचा, मोसंबं सोलावं तसा उलगडायचा, कुठला भाग कुठल्याच्या पोटात बसतो ते लख्ख दिसायचं. पण हात. मनगटाखाली रुमाल ठेवून बघितला, मधल्या सुट्टीत तुरटीच्या पाण्यात हात बुडवून बघितले. शाईचं पेन टेकवलं की घाम सुटायचा आणि रेघेला मिशा फुटायच्या. मग ब्लेडनं ती रेघ खरवडायची. खरवडलेल्या जागी कागद दुखावतो. शाई टाकली की तिथे पुन्हा पसरते. माझे कागद उजेडात धरले तर खरूज झाल्यासारखे दिसायचे.

“यावरून गोगलगाय गेली का?” बर्वेसाहेब कागद दोन बोटांत धरून विचारत.

“घाम येतो, साहेब.”

“अमरावतीला ऊन फार, तेव्हा घाम यायचाच. पुण्यात येताना तो तिथे ठेवून यायचा होता.”

माझ्या शेजारच्या बोर्डावर सुमनताई. वयानं मोठ्या, केसांत नेहमी अबोलीचा गजरा, आणि हात तर असा की त्यांनी काढलेल्या वर्तुळावरून नजर घसरून पडावी. त्या माझ्यासाठी कळवळायच्या. “अगं, रेघ ओढताना श्वास धर,” म्हणायच्या. मी श्वास धरायची आणि घामानं आणखीच भिजायची.

कायम करायची माझी मुदत एकदा वाढली, पुन्हा वाढली. अखेर बर्वेसाहेबांनी बोलावून सांगितलं, दसऱ्याला तुमच्याबद्दल लिहायचंय, हो किंवा नाही, आता मध्ये काही नाही. नाही आलं तर अमरावती. तिथे बाबांनी स्थळं काढूनच ठेवली होती, मी पोचायचा अवकाश, कांदेपोहे तयार. मला लग्नाचं वावडं नव्हतं. पण हे बोर्ड, हा उजेड, हा अमोनियाचा झणका सोडून जायच्या कल्पनेनंच मला रडू यायचं. त्या जागेवर माझा जीव जडला होता आणि ती जागा मला हातात हात देत नव्हती.

आणि मग ऑफिसच्या टोकाला सुतार आले. लाकडी चौकटी, काचा, जाड पडदे. एक खोकं भिंतीत बसवलं, ते चालू झालं की गार हवा. सगळीकडे कुजबूज, कॉम्प्युटर येतोय, नकाशे काढणारा. मॅनेजरसाहेबांनी नारळ फोडला तोही दाराबाहेर, आत पाणी उडायला नको म्हणून. कॉम्प्युटरच्या पडद्यावर कुंकवाचं बोट कोण लावणार यावर वाद झाला आणि शेवटी ते गार हवेच्या खोक्याला लावलं. आत जायचं तर चपला बाहेर. धूळ चालत नाही म्हणे. देवळात जावं तसे आम्ही ओळीनं अनवाणी आत जाऊन बघून आलो.

तिथे शिकायला कोणी जाईना. ज्याचा हात चांगला त्यानं बोर्ड का सोडावा? बर्वेसाहेबांनी माझं नाव दिलं.

“बोर्डावर तुमची गैरसोय होते,” ते म्हणाले, “आणि बोर्डाचीही.”

मी निमूटपणे चपला काढल्या आणि आत गेले.

आता हे कसं सांगू? आजही सांगताना माझा आवाज चढतो. काळा पडदा, त्यावर एक चमकतं फुलीचं चिन्ह. शिकवायला आलेल्या माणसानं सांगितलं, मध्यबिंदू द्या, त्रिज्या द्या. मी आकडा दाबला आणि वर्तुळ आलं. सुमनताईंच्या वर्तुळाइतकं गोल. माझ्या हातून. मी मुद्दाम एक रेघ चुकवली. त्यानं सांगितलेली कळ दाबली. रेघ गेली. नुसती गेली, मागे काही न ठेवता. मी पडद्याला बोट लावून बघितलं, कुठे खरवडल्याची खूण आहे का. नव्हती. त्या गार खोलीत मला घाम नव्हता, आणि असता तरी त्या रेघेला त्याची खबर लागणार नव्हती. मी बाहेर येऊन जिन्यात उभी राहिले आणि एकटीच हसत सुटले. अरे बाप्पा, एवढंच होतं तर.

मग मला दिवस पुरेना. सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन मी पडदा सुरू करायची. तो गुरगुरत जागा होईपर्यंत चुळबुळ करत उभी राहायची. डोक्यातला पंप आता थेट पडद्यावर उतरत होता, मधे हाताचा नाका नव्हता. जे काम बोर्डावर माझ्याकडे कोणी दिलं नसतं ते मी करून मोकळी व्हायची आणि दुसरं मागायची. वर्षभर मी त्या ऑफिसात मठ्ठ ठरले होते आणि आता महिन्याभरात हुशार ठरले. मी तीच होते. सुमनताई एकदा येऊन बसल्या. माउस टेबलाच्या कडेला पोचला की तो उचलून मागे घ्यावा, हे त्यांना सुचेना, त्या खुर्चीसकट त्याच्यामागे सरकत निघाल्या. आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण जाताना त्या स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या, ते मला आवडलं नाही.

बर्वेसाहेब मात्र खोलीकडे फिरकले नाहीत. “मला सर्दीचा त्रास आहे,” म्हणायचे.

दसरा जवळ आला. ठरलं ते असं. पंपाचा संपूर्ण नकाशा, सगळे भाग जोडलेला, मी कॉम्प्युटरवर काढायचा आणि मॅनेजरसाहेबांसमोर प्लॉटरवर उतरवून दाखवायचा. प्लॉटर म्हणजे पेन धरून स्वतः कागदावर रेघा ओढणारं यंत्र, कागद पुढे मागे सरकवतं आणि पेन आडवं पळतं. तो नकाशा बघून बर्वेसाहेब माझ्याबद्दल लिहिणार. प्लॉटर बसवणाऱ्यानं एकच गोष्ट घोकून घेतली होती. याला धूळ वर्ज्य. कण गेला तर पेन तुंबतं आणि कागद निसटतो. मी कागद कडेनं धरायची, फुंकर मारायची, बाळाला ठेवावं तसा ठेवायची.

त्या दिवशी मी कागद लावायला काढला आणि काचेवर टकटक झाली. दारात बर्वेसाहेब. ते खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडत होते. मोज्यातून डावा अंगठा बाहेर आला होता. तो त्यांनी दुसऱ्या पायामागे लपवला आणि आत आले. हातात ती डबी.

“पहिला पूर्ण कागद ना?” त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी डबी उघडली, पुरचुंडी काढली आणि माझ्या कागदावर पावडर आपटायला सुरुवात केली. फट, फट, फट. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कुठे घाई नाही. मग खिशातलं फडकं काढून गोल गोल पुसू लागले. मला माहीत होतं काय होणार. एका वाक्याचं काम होतं, साहेब, याला चालत नाही. ते वाक्य जिभेवर होतं. पण काचेबाहेर बघितलं तर सगळं ऑफिस मान वर करून बघत होतं. सुमनताई स्टुलावरून उठून उभ्या राहिल्या होत्या. ज्या गोष्टीसाठी मी इतके दिवस झुरत होते ती समोर घडत होती. नोकरी गेली तर गेली, पण मी त्यांचा हात थांबवणार नव्हते. मी कागद लावला.

मॅनेजरसाहेब आले. मी कळ दाबली. पेन पळालं, बॉर्डर झकास निघाली, आणि मग रेघ तुटली. पुन्हा आली, पुन्हा तुटली. कागद एका बाजूला घसरला आणि पंपाचं पोट उंदरानं कुरतडलेल्या भाकरीसारखं उमटलं.

“हे आहे होय तुमचं नवं तंत्र?” मॅनेजरसाहेब माझ्याकडे वळले. “याच्यापेक्षा तुमचा हात बरा होता म्हणायचा.”

माझे हात भिजले. त्या गारठ्यातही.

“माझ्याकडून कागद नीट पुसला गेला नाही,” मी म्हणाले.

“खोटं बोलू नका,” बर्वेसाहेब म्हणाले. मग मॅनेजरसाहेबांकडे वळून, शांतपणे, “पावडर मी लावली. या यंत्राला चालत नसावी. यांना ते ठाऊक असणार, पण यांना वळण चांगलं आहे, म्हणून बोलल्या नाहीत.” आणि मला, “दुसरा कागद आहे का?”

“आहे.”

“लावा मग. मी हात मागे बांधून उभा राहतो.”

आणि खरंच ते हात मागे बांधून उभे राहिले. मी पेन बदललं, यंत्राची चाकं पुसली, नवा कागद लावला. कळ दाबली. आणि मग तो आवाज. सर्र, टक, सर्र. अजून कानात आहे. बॉर्डर आली, मधली रेघ आली, वर्तुळात वर्तुळ, पात्याची वळणं, सगळं माझ्या डोक्यात जसं होतं तसं, एकही मिशी नाही, एकही जखम नाही. काचेला बाहेरून सगळ्यांची नाकं चिकटली होती. मी श्वास धरला नव्हता. मी धापा टाकत होते.

पेन थांबलं. बर्वेसाहेबांनी खिशातून भिंग काढलं आणि कागदावर वाकले. कुठलीही रेघ बघून, ही सुमनची, ही जोश्याची, हा तीनचा आकडा माझा, असं सांगणारा तो माणूस. या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून ते सरळ झाले.

“रेघ उत्तम आहे,” ते म्हणाले. “कोणाची आहे ते मात्र कळत नाही.”

“माझी आहे, साहेब.”

मी म्हणून गेले. कुठून बळ आलं कोण जाणे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग खालच्या चौकटीत, नकाशा काढणाऱ्याचं नाव लिहायची जागा मी कोरी ठेवली होती, तिथे त्यांनी स्वतःचं शाईचं पेन टेकवलं आणि माझं नाव लिहिलं. त्यांच्या त्या अक्षरात. असं अक्षर मी त्यानंतर कुठे पाहिलं नाही. मॅनेजरसाहेबांना त्यांनी सांगितलं, मला जे लिहायचं होतं ते मी इथेच लिहिलं.

मी कायम झाले. दसऱ्याला बर्वेसाहेबांनी मला सोनं दिलं, ते आपट्याचं पान बरेच दिवस माझ्या कीबोर्डखाली होतं.

पुढे बोर्ड एक एक करून गेले. सुमनताई हळूहळू शिकल्या, चांगल्या शिकल्या, पण आपलं वर्तुळ आपलं म्हणून दाखवायची त्यांची सवय सुटली ती सुटलीच. अमोनियाची खोली बंद झाली. आता कोणाची रेघ कोणाची हे कळेनासं झालं, आणि त्याचं वाईट मलाही वाटतं. ज्या यंत्रानं माझा हात सोडवला त्यानंच त्यांचा हात मिटवला, हे मी कसं विसरणार. पण मला परत जायचंय का विचाराल तर नाही, बाई. मला ते गोगलगायीचे दिवस नकोत. बर्वेसाहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी डबी माझ्या टेबलावर ठेवली. “तुमच्या यंत्राला लागत नाही,” म्हणाले, “तुम्हाला लागेल.”

“ओ मॅडम,” रखवालदार पुढे आला. “ते पावडर बिवडर मशीनवर नका लावू. खराब होतंय ते.”

“ठाऊक आहे मला,” मी म्हणाले. “तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.”

मी गार्गीचा हात धरला. पुरचुंडी तिच्या तळव्यावर आपटली, फट, फट, फट. कुठे घाई केली नाही. मागे रांग लागली होती, पोरं मोबाइलमधून मान वर करून बघत होती. मग फडकं काढून मी तिचा अंगठा गोल गोल पुसला, पार कोरडा होईपर्यंत, पावडरीचा कण राहू दिला नाही.

“आत्या, लोक बघून राहिले ना,” ती कुजबुजली.

“बघू देत. बघायचंच असतं.”

तिनं अंगठा टेकवला. हिरवा दिवा लागला. छोट्या पडद्यावर तिचं नाव उमटलं. अक्षर कोणाचंच नव्हतं, पण नाव तिचं होतं. दार सरकलं. आत, जिथे आमचे बोर्ड होते तिथे, ती त्या पोरांच्या घोळक्यात मिसळून गेली.

मी डबी बंद करायला गेले, पण झाकण निसटायला लागलं. माझ्या हातांना घाम सुटला होता.